युद्ध, पक्ष आणि एक मत : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतील १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीवर लेख प्रसिद्ध झाला होता. व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भरात झालेल्या त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन, डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री आणि तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस यांच्यात लढत झाली आणि निक्सन अगदी थोड्या फरकाने विजयी झाले. लेखावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : पक्षांवरचा विश्वास उडालेला असताना मतदाराने उमेदवार निवडायचा कसा? त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : १९६८ साली अमेरिकी जनता युद्धाला कंटाळली होती आणि पक्षांतर्गत निवडणुकांत युद्धविरोधी उमेदवारांना भरघोस मते पडत होती, असे लेखात म्हटले आहे. मग नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर युद्ध थांबवण्याचे स्पष्ट आश्वासन देणारा एकही प्रमुख उमेदवार नव्हता, हे कसे? लोकशाहीत असे घडते तरी कसे? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : असे घडले याचे कारण, तेथे मत देणे आणि उमेदवार ठरवणे ही दोन वेगवेगळ्या लोकांची कामे होती. आपल्याकडे तिकीटवाटप पक्षश्रेष्ठी करतात हे आपण गृहीतच धरतो. अमेरिकेत मात्र प्राथमिक निवडणुका, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदारांचे मतदान, होतात, त्यामुळे उमेदवार लोकच निवडतात असा आपला समज असतो. १९६८पर्यंत तो बराचसा चुकीचा होता. पन्नासपैकी साधारण पंधरा राज्यांतच प्राथमिक निवडणुका होत असत आणि त्यांतल्याही काही राज्यांत त्या केवळ कौल अजमावण्यापुरत्या असत. उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मतदान करणारे प्रतिनिधी उरलेल्या राज्यांत पक्षाच्या समित्या, गव्हर्नर आणि मोठ्या शहरांचे महापौर यांच्या मर्जीने ठरत.

पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तेथे एप्रिलमध्ये झालेल्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी यांना दर दहा मतांमागे सातांहून अधिक मते मिळाली. पण ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्याच राज्याच्या बहुसंख्य प्रतिनिधींनी हम्फ्री यांच्या पारड्यात वजन टाकले. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. पक्षानेच नेमलेल्या आयोगाला नंतर असे आढळले की, अधिवेशनातील एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधी १९६८ उजाडण्यापूर्वीच प्रत्यक्षात ठरून गेले होते. म्हणजे ३० जानेवारीला सुरू झालेला कम्युनिस्ट फौजांचा टेटचा हल्ला, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची ३१ मार्चची माघार आणि त्या वसंतातील मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या यांपैकी काहीही घडण्यापूर्वी.

हम्फ्री हे जॉन्सन यांचे उपाध्यक्ष. त्यांनी २७ एप्रिलला उमेदवारी जाहीर केली तेव्हा बहुतेक प्राथमिक निवडणुकांत अर्ज भरण्याची मुदत संपलेली होती आणि त्यांना त्याची फारशी गरजही नव्हती. एकही प्राथमिक निवडणूक न लढवता ते उमेदवार झाले. दुसरे युद्धविरोधी उमेदवार सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी इंडियाना, नेब्रास्का आणि कॅलिफोर्निया जिंकले, मॅकार्थी यांनी ऑरेगन जिंकले. कॅलिफोर्नियाच्या विजयसभेनंतर ५ जूनच्या मध्यरात्री केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ते वाचले असते तर चित्र पालटले असते, असे हळहळून म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्या दिवशीही प्रतिनिधींच्या हिशेबात हम्फ्री पुढेच होते, हे विसरून चालत नाही.

शिकागोत पक्षाच्या जाहीरनाम्यात बॉम्बहल्ले थांबवण्याचे कलम घालावे, असा ठराव युद्धविरोधी गटाने मांडला. हम्फ्री यांना दोन्ही बाजूंना चालेल असा मधला मसुदा हवा होता. जॉन्सन यांनी टेक्सासहून तो हाणून पाडला. मतमोजणीत ठराव १,०४१¼ विरुद्ध १,५६७¾ असा फेटाळला गेला. (अपूर्णांक पाहून दचकू नये, काही प्रतिनिधींना अर्धे किंवा त्याहूनही कमी मत असे.) न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. त्याच संध्याकाळी मिशिगन अॅव्हेन्यूवर हिल्टन हॉटेलसमोर पोलिसांनी निदर्शकांना झोडपून काढले आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर देशभर दिसले. आज लोकांना त्या लाठ्या आठवतात, तो ठराव आठवत नाही. माझ्या मते उमेदवारीचा खरा निकाल त्या ठरावात लागला होता, आणि त्याचीही पायाभरणी आदल्या वर्षी, कोणाचे लक्ष नसताना, राज्याराज्यांतील पक्ष कार्यालयांत झाली होती.

प्रश्न : न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थी यांनी विद्यमान अध्यक्षाला जवळजवळ हरवले, तो शांततेच्या बाजूने दिलेला कौल होता असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. हे कितपत खरे? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : परिणामाच्या दृष्टीने ते खरे आहे, मतदारांच्या मनातील हेतूबद्दल मात्र ते अर्धेच खरे आहे. १२ मार्च १९६८च्या त्या निवडणुकीत जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि मॅकार्थी यांना सुमारे ४२ टक्के मते पडली. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेच नव्हते, त्यांच्या पाठीराख्यांनी ते हाताने लिहिले होते. त्यामुळे तसे पाहता हा जॉन्सन यांचा विजयच होता. परंतु विद्यमान अध्यक्षाला स्वतःच्या पक्षात निम्मीही मते मिळू नयेत, याचा अर्थ सर्वांनी पराभव असाच लावला. शिवाय जॉन्सन यांच्या बाजूची मते गरजेपेक्षा जास्त प्रतिनिधी-उमेदवारांत विभागली गेल्यामुळे २४पैकी २० प्रतिनिधी मॅकार्थी यांना मिळाले. चार दिवसांत केनेडी मैदानात उतरले आणि महिनाअखेरीस जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले.

आता हेतूकडे येऊ. मॅकार्थी यांच्यासाठी त्या बर्फात घरोघर फिरलेले विद्यार्थी खरोखरच युद्ध थांबावे म्हणून आले होते. म्हाताऱ्याकोताऱ्या मतदारांनी दार लावून घेऊ नये म्हणून कित्येकांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले, मुलींनी तोकडे स्कर्ट बाजूला ठेवले. दार उघडणाऱ्यांच्या मनात मात्र दुसरेच काही असू शकत होते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर केलेल्या पाहणीत असे दिसले की, मॅकार्थी यांना मत देणाऱ्यांमध्ये जॉन्सन युद्ध पुरेशा जोराने लढत नाहीत असे मानणारे अधिक होते. युद्धातून बाहेर पडावे असे मानणाऱ्यांशी त्यांचे प्रमाण सुमारे तीनास दोन असे होते. दोघांचाही राग जॉन्सन यांच्यावर होता आणि दोघांपुढे पर्याय एकच होता. युद्ध अधिक त्वेषाने लढा म्हणणाऱ्यांच्या मतांनी युद्धविरोधी उमेदवाराचे बळ वाढले, आणि त्या बळापुढे अध्यक्षाने माघार घेतली. निषेधाच्या मतातून संदेश जातो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे : संदेश पोहोचतो, पण त्याचा मजकूर मत देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

प्रश्न : ‘दोन्ही पक्ष सारखेच’ ही त्या काळातील भावना होती, तर तिसऱ्या पक्षाला मत देणे हाच प्रामाणिक मार्ग नव्हता का? (लातूर)

उत्तर : ते वाक्य त्या वर्षी सर्वांत मोठ्याने म्हणणारा माणूस कोण होता, ते आधी पाहू. दोन्ही पक्षांत दहा सेंटच्या नाण्याएवढाही फरक नाही, ही जॉर्ज वॉलेस यांची आवडती घोषणा होती. हे वॉलेस म्हणजे १९६३ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना रोखण्यासाठी अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहिलेले गव्हर्नर. दोन पक्षांतला जो फरक त्यांना खरोखर खुपत होता तो नागरी हक्कांच्या कायद्यांचा होता. कोणालाच बहुमत मिळू नये आणि आपल्या अटींवर सौदा व्हावा, असा त्यांचा हिशेब होता. कारण अध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांपैकी २७० कोणालाही न मिळाल्यास निर्णय संसदेच्या प्रतिनिधिगृहाकडे जातो आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी माजी हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांना उपाध्यक्षपदासाठी पुढे केले. अण्वस्त्रांचा लोकांनी उगाच बाऊ केला आहे, अशा अर्थाचे बोलून लमे यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत वॉलेस यांची पंचाईत करून ठेवली. शेवटी वॉलेस यांना १३.५ टक्के मते आणि दक्षिणेतील पाच राज्ये मिळाली. युद्धाला कंटाळलेल्या प्रामाणिक मतदाराला त्या वर्षीच्या तिसऱ्या पर्यायातून याहून वेगळे काही मिळण्याजोगे नव्हते. इतर लहान युद्धविरोधी पक्ष होते, पण कित्येक राज्यांच्या मतपत्रिकेवर ते नव्हतेच.

प्रश्न : निक्सन यांच्याकडे युद्ध संपवण्याची गुप्त योजना होती, हे खरे का? (पणजी)

उत्तर : ‘गुप्त योजना’ हे शब्द निक्सन यांचे नव्हेत, ते वार्तांकनातून रूढ झाले. नवे नेतृत्व युद्ध संपवील आणि शांतता मिळवील, एवढेच ते म्हणत आणि तपशील विचारला की, वाटाघाटी चालू असताना बोलणे योग्य नाही म्हणून विषय टाळत. लोकांनी त्या मौनात आपल्याला हवे ते वाचले.

मौनाआड काय चालले होते, ते पुढे उघड झाले. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बहल्ले थांबवल्याची घोषणा केली आणि दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिऊ यांनी पॅरिसच्या शांतताचर्चेत सहभागी होण्यास नकार दिला. निक्सन यांच्या निधी उभारणीत पुढे असलेल्या अॅना शेनॉल्ट यांनी, थांबा, निक्सन आल्यावर अधिक चांगल्या अटी मिळतील, असे सायगॉनला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला, सुचवले होते. जॉन्सन यांना हे टेहळणीतून कळले होते, तरी त्यांनी ते जाहीर केले नाही आणि हम्फ्री यांनीही केले नाही. निक्सन यांनी आयुष्यभर इन्कार केला. त्यांचे सहकारी हाल्डमन यांच्या ऑक्टोबर १९६८च्या टिपणांत मात्र शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवण्याची निक्सन यांची सूचना आढळते. तो हस्तक्षेप झाला नसता तर शांतता आली असती, असा दावा कोणी छातीठोकपणे करू नये. थिऊ यांना चर्चा नको असण्याची त्यांची स्वतःची कारणेही होती.

प्रश्न : शिकागोच्या अनुभवानंतर उमेदवारनिवडीचे नियम बदलले का? (पुणे)

उत्तर : मुळापासून बदलले. जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने प्रतिनिधींची निवड निवडणुकीच्याच वर्षी आणि उघडपणे व्हावी, तिची सूचना आधी द्यावी, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांना वाटा मिळावा, असे नियम केले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून बहुतेक राज्ये प्राथमिक निवडणुकांकडे वळली. त्यातच जुलै १९७१मध्ये घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१वरून १८ झाले. तोवर लढाईवर पाठवता येणाऱ्या कित्येक तरुणांना मतदान करता येत नव्हते.

१९७२ साली या नव्या नियमांतून पहिली उमेदवारी मिळवली ती मॅकगव्हर्न यांनीच. ते खरेखुरे युद्धविरोधी उमेदवार होते आणि ते पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले. पक्षातील जुनी मंडळी त्यानंतर ‘आम्ही सांगत होतो’ असे म्हणत राहिली, आणि १९८२ साली पदसिद्ध प्रतिनिधींची तरतूद करून त्यांनी दाराची एक फट पुन्हा उघडली. २०१८मध्ये या पदसिद्धांचा पहिल्या फेरीतील मताधिकार, निकाल आधीच स्पष्ट असल्याखेरीज, काढून घेण्यात आला. ही रस्सीखेच अजून चालूच आहे.

प्रश्न : मी मूळची डोंबिवलीची, गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहते. २०२४च्या निवडणुकीत माझ्या मुलांनी पहिल्यांदा मत द्यायचे होते. गाझातील युद्धामुळे ती दोन्ही पक्षांवर इतकी संतापलेली होती की, मोठ्याने मत दिलेच नाही आणि धाकटीने नाराजीने दिले. तुमच्या लेखातील हम्फ्री यांचा प्रसंग वाचून आमच्या घरी पुन्हा वाद पेटला. तुम्ही १९६८ साली मतदार असता तर काय केले असते? (न्यू जर्सी)

उत्तर : नोव्हेंबरमध्ये मी हम्फ्री यांना मत दिले असते, आणि ते आनंदाने नक्कीच दिले नसते.

त्यांच्यावरचा राग मला समजतो. हा तोच माणूस ज्याने १९४८च्या अधिवेशनात नागरी हक्कांसाठी स्वतःच्या पक्षाला खडे बोल सुनावले आणि १९६४चा नागरी हक्क कायदा सिनेटमधून पार पाडला. फेब्रुवारी १९६५मध्ये त्यांनी जॉन्सन यांना युद्ध वाढवू नका असे लेखी कळवले होते. त्याची शिक्षा म्हणून त्यांना महत्त्वाच्या बैठकांतून दूर ठेवण्यात आले. त्यानंतर मात्र ते सार्वजनिक सभांत त्याच युद्धाची तरफदारी करत राहिले. मनात एक आणि ओठांवर दुसरे असा हा तीन वर्षांचा काळ मतदारांनी माफ का करावा, या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

सप्टेंबरअखेरच्या गॅलप पाहणीत निक्सन ४३, हम्फ्री २८ आणि वॉलेस २१ टक्क्यांवर होते. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतून दूरचित्रवाणीवर बोलताना हम्फ्री यांनी शांततेसाठी धोका पत्करून बॉम्बहल्ले थांबवण्याची तयारी दाखवली. त्या दिवशी त्यांच्या समोरच्या मेजावर उपाध्यक्षपदाची मुद्रा मुद्दाम लावली नव्हती. बदल तसा छोटाच होता, अटींनी बांधलेला होता. तरी सभांतील हुर्यो कमी झाली आणि अंतर भराभर घटू लागले. मॅकार्थी यांनी मात्र पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाला आठवडा उरला असताना आणि तोही हातचे राखून. निकालात निक्सन यांना ४३.४ आणि हम्फ्री यांना ४२.७ टक्के मते मिळाली. एकट्या कॅलिफोर्नियाने कौल बदलला असता तरी निक्सन २६१ निर्वाचक मतांवर अडकले असते. आपल्या न्यू जर्सीत त्यांचे मताधिक्य सुमारे ६१ हजारांचे होते.

हम्फ्री आले असते तर युद्ध लवकर संपले असते का, हे सांगता येत नाही. जे घडले ते असे : पॅरिसचा करार जानेवारी १९७३मध्ये झाला, मधल्या काळात युद्ध कंबोडियात पसरले, वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कित्येक पटींनी व्हिएतनामी माणसे मारली गेली. निक्सन यांनी पहिल्याच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयावर चार न्यायाधीश नेमले. ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्यांना या सगळ्याचा हिशेब मांडावा लागतो. दुसरीकडे, ज्यांनी मत दिले नाही त्यांच्यामुळेच हम्फ्री हरले असे म्हणून त्यांच्यावर खापर फोडणेही मला पटत नाही. हम्फ्री यांनी सॉल्ट लेकचे भाषण शिकागोच्या आधी केले असते तर ते मतदार त्यांना कदाचित मिळालेही असते. मते मिळवणे हे मुळात उमेदवाराचे काम आहे.

म्हणून आपल्या घरातील वादात मी दोघांपैकी कोणालाही चूक ठरवणार नाही, पण वादाचा महिना बदलायला सुचवीन. गाझाच्या प्रश्नावरील नाराजी २०२४मध्ये सर्वांत स्पष्टपणे नोंदली गेली ती २७ फेब्रुवारीला, मिशिगनच्या प्राथमिक निवडणुकीत. एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी तेव्हा ‘कोणासही बांधील नाही’ या छापील पर्यायावर खूण केली. १९६८च्या न्यू हॅम्पशायरप्रमाणे येथे संदेशाचा अर्थ कोणाला लावावा लागला नाही. तरीही ऑगस्टमध्ये, पुन्हा शिकागोतच, त्या गटाला व्यासपीठावरून एक पॅलेस्टिनी-अमेरिकी वक्ता बोलू द्या ही मागणीसुद्धा मान्य करून घेता आली नाही. जो बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारी नव्याने प्राथमिक निवडणूक न होताच ठरली. तो निर्णय परिस्थितीने लादलेला होता हे मान्य. पण प्रतिनिधी कोण असतात आणि त्यांना कोण निवडते, हा नाशिकच्या वाचकांचा प्रश्न पन्नास वर्षांनीही शिळा झालेला नाही.

न्यू जर्सीची प्राथमिक निवडणूक जूनमध्ये, म्हणजे अध्यक्षीय उमेदवार बहुधा ठरून गेल्यावर होते, त्यामुळे आपल्या मुलांना आपले मत वाया जाते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या राज्यात बहुतेक काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) पक्षाच्या मर्जीतील उमेदवारांची नावे मतपत्रिकेवर एकाच ठळक रांगेत छापण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. इतरांची नावे कोपऱ्यात कुठेतरी सापडत. मार्च २०२४मध्ये संघीय न्यायालयाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीपुरती ती थांबवली, कारण सिनेटच्या जागेसाठी उभे असलेल्या अँडी किम यांनी आणि त्यांच्यासोबत आणखी दोन उमेदवारांनी दावा दाखल केला होता. ही रांग ज्यांच्या मर्जीने ठरत असे, त्या पक्षाच्या काउंटी कमिटीच्या सदस्यांची निवड त्याच जूनच्या मतपत्रिकेवर, अगदी तळाशी होते. त्या जागांसाठी अनेकदा उमेदवारच नसतो. आपल्या प्रभागात ती जागा रिकामी आहे का, हे आपल्या मोठ्या मुलाने म्युनिसिपल क्लार्कच्या कार्यालयात जाऊन विचारावे. अर्जावर लागणाऱ्या सह्या फार नसतात.